जाळी कोणी काढली

"फिकर नको करू व माय," हे तिचं कायमचं बोलणं. कोणाच्या पोराला ताप असो, कोणाचा नवरा पिऊन आलेला असो, बुऱ्हाणपुरातल्या आमच्या गल्लीतल्या बाया आधी तिच्याकडे जायच्या. ती फार काही करायची नाही. ऐकून घ्यायची आणि एवढंच म्हणायची.

जिनातून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, सुटलेल्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. पापण्यांवर कापूस बसलेला, साऱ्या एका वयाच्या दिसतात. तीही तिथेच मशीनला कपास लावायची. एकटी विधवा. शेजारच्या मशीनवर गंगू, तीही विधवा, पदरात दोन लेकरं. गंगूला कामावर हिनेच लावून दिलं होतं.

मशीनच्या दातेरी चाकांवरची लोखंडी जाळी मिस्त्रीने दुरुस्तीसाठी काढली, ती परत बसवलीच नाही. एका दुपारी चाकांत हिचा पदर गेला, पदरामागे उजवा हात गेला. दवाखान्यात तो कोपरापासून कापावा लागला.

मजुरांच्या भरपाईचा कायदा तेव्हा नवाच होता. मी एका वकिलांकडे कारकून होतो. त्यांनी आपण होऊन दावा लावला. मॅनेजरचं उत्तर आलं, जाळी बाईने स्वतःच्या हाताने काढली. तसं ठरलं तर कायद्याने भरपाई मिळणार नव्हती.

खंडव्याला दावा ऐकणाऱ्या सरकारी साहेबापुढे मॅनेजरने साक्षीला गंगूलाच उभी केली.

"जाळी कोणी काढली?" मॅनेजरच्या वकिलाने विचारलं.

गंगू जमिनीकडे बघत म्हणाली, "तिनेच."

आमचे वकील तिला प्रश्न विचारायला उठले, तशी हिने डाव्या हाताने त्यांचा कोट धरला. "बसा साहेब. तिला काही विचारू नका."

"अहो, दोन प्रश्नांत खरं बोलेल ती!"

"बोलेल ना. मंग तिला जिनात कोण ठेवेल?"

दावा गेला. परतीच्या गाडीत मी रागाने दाव्याचे कागद पिशवीत कोंबत होतो. तीच म्हणाली, "भाऊ, मला काय कळत नाही? हात माझा गेला. पण तिची लेकरं उपाशी मारून तो परत येणार आहे का?" मग तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगू तिच्या दाराबाहेर येऊन उभी राहिली. आत यायचं धाडस होईना. आतून आवाज आला, "उभी काय राहिली? ये, केस विंचर माझे. एका हाताने जमत नाही."

गंगू रडत रडत विंचरत होती. मग रोजच कामावर जाण्याआधी येऊ लागली. त्या साक्षीचा विषय दोघींपैकी कोणी कधी काढला नाही.

हाताची जखम मात्र भरली नाही. आम्ही मिळून दोन घास पोचवत होतो. उन्हाळ्यात ताप चढला, तो उतरलाच नाही.

ती गेली त्या दिवशी गंगूने कोणाला पुढे होऊ दिलं नाही. आंघोळ तिनेच घातली, केसही तिनेच विंचरले. आम्ही तिरडी उचलून तापीच्या वाटेला लागलो, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. गंगू उंबऱ्यात बसली होती. कंगव्यात अडकलेले पांढरे केस तिने मुठीत घट्ट धरले होते.