आमेन म्हणायला दुसरा माणूस

इथे आखातात, अल थुमामात मी ज्या बिल्डिंगची साफसफाई करतो, तिथला वॉचमन केनियाचा आहे. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, बाकीचे ख्रिस्ती बसने चर्चला जातात. हा मात्र पांढरा फेटा बांधून मागच्या मोकळ्या प्लॉटवर अनवाणी उभा राहतो आणि पाण्याच्या रिकाम्या कॅनवर थाप देतो.

"ढोल सोडा, फेटा सोडा, असं गोरे म्हणाले. आजोबांनी त्यांचं चर्चच सोडलं, आपलं काढलं. म्हणून जेलमध्ये गेले," हे तो मोडक्या हिंदीत हसत सांगतो.

त्यांच्यात प्रार्थना एकट्याने पुरी होत नाही, दुसऱ्याने आमेन म्हणावंच लागतं. त्याच्या चर्चचं इथे दुसरं कोणीच नाही.

"अरे, मी गणपतीवाला," मी पहिल्यांदा म्हणालो होतो.

"तोंड आहे ना, भाई? यल्ला, चल!"

तेव्हापासून दर शुक्रवारी मीच आमेन म्हणतो.

गेल्या शुक्रवारी गावी आईचं ऑपरेशन होतं आणि मला जायला सुट्टी मिळाली नव्हती. त्याने तिचं नाव विचारून डोळे मिटले. त्याच्या भाषेत मधूनच 'सुमन' ऐकू आलं. प्रार्थना संपली तरी माझ्या तोंडून आमेन काही फुटेना.

मी ते म्हणेपर्यंत तो तापलेल्या वाळूत अनवाणी तसाच उभा राहिला.