बारा मैलांपुढची कव

बारा मैलांच्या पुढे सरकारी नियम विरळ होत जातात, आणि आणखी खूप पुढे गेलं की समुद्र कुठल्याच देशाचा राहत नाही. दांडीतल्या आमच्या बाबांना चिडायला एवढं कारण पुरे. मच्छीमारांच्या बैठकीत ते एकदा उठले की खाली बसत नसत. "बोट मोठी हाय म्हनून दर्या तुमचा व्हत नाय!" परदेशी ट्रॉलरवाले समोर सतरंजीवर बसले असावेत अशा थाटात ते सुनवायचे. मला हसू यायचं, अभिमानही वाटायचा.

आमच्याकडे प्रत्येक घराची बारा मैलांपुढच्या समुद्रात ठरलेली जागा असते, तिला कव म्हणतात. तिथे तळाशी खुंट ठोकायचे आणि त्यांना पिशवीसारखं डोल जाळं बांधायचं. कागद नाही, नुसता शब्द. शेजारच्या कवेचा मालक, बाबांचा दोस्त, गेल्या पावसाळ्याआधी बोटीवरून पडला, तो सापडलाच नाही. त्याच्या बायकोच्या कवेत कुणी खुंट मारायचा नाही, हे बाबांनीच बैठकीत सगळ्यांकडून वदवून घेतलं.

यंदाच्या मोसमात आमच्या जाळ्यात बोंबील मावत नव्हता. एक खलाशी आजारी पडला म्हणून मी बोईसरच्या कारखान्यातून रजा काढून बोटीवर गेलो. आठ वाजून गेले तरी धुकं हलेना. इंजिन बंद केल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं. एक पक्षी नाही. अचानक बाबा "ओ" म्हणाले.

हाक कुणीच मारली नव्हती.

मी घाबरलो, सरळ सांगतो. जाळं ओढताना दोर जड झाला आणि कडेला शिंपल्यांनी मढलेलं एक काळं पिंप वर आलं, खुंटाची जागा कळावी म्हणून तरंगत ठेवतात तसलं. त्यावर पांढऱ्या रंगात हाताचा पंजा. अशी खूण गावात एकच माणूस करायचा, बाबांचा तो बुडालेला दोस्त. फेस, काटक्या सगळं बोटीला घासून पुढे वाहत होतं, पण पिंप जागचं हलत नव्हतं. खालून कुणी धरून ठेवावं तसं.

मी जीपीएस काढला. आमच्या कवेची जागा गेल्या वर्षी मीच त्यात घातली होती. बाबा त्या डबीला हात लावत नसत. देवळामागच्या डोंगराचं टोक आणि बोईसरकडची चिमणी एका रेषेत आली की आपली कव, हे त्यांचं गणित. यंदा खुंट ठोकताना धुरकट हवेत त्यांनी नवीच उभी राहिलेली चिमणी धरली होती. आम्ही दोस्ताच्या कवेत होतो, आणि ते पिंप त्याच्याच जुन्या खुंटाला बांधलेलं होतं.

बाबा मटकन बसले. "पंधरा दिसांमागं शंका आली व्हती," ते म्हणाले. "पन मासली चांगली लागत व्हती." त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

दुपारी ते दोस्ताच्या बायकोच्या अंगणात गेले, मी मागे. दोस्त गेल्यापासून आमच्याकडून तिला रोज एक टोपली जायची, त्यातले बोंबील ती बांबूंच्या वलांडीवर वाळत घालत होती.

"वयनी, माजे खुंट तुमच्या कवेत हायत. उद्या दोर कापतो."

तिने मान वर केली नाही. "माईत हाय, भावजी. आमच्या कवेचा निळा चिखल असतो मासलीला. टोपली आली का वाटायचं, त्यानंच धाडली. नका कापू."

"असं नाय चालत, वयनी."

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोर कापले. बैठकीत चूक कबूल केली आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. दोन दिवसांनी आमच्या कवेतले बोंबील घेऊन मी तिच्या दारी गेलो. तिने एक उचलला, अंगठ्याने पुसून पाहिला, टोपलीत परत ठेवला आणि दार लावून घेतलं.