ताईला कळलेली कादंबरी

सत्त्याऐंशी साली मी हैदराबादला निघालो, तेव्हा बराकीसमोर रिक्षा उभी होती आणि आमची अख्खी लाइन दारात जमली होती. उल्हासनगर कॅम्प चारच्या आमच्या लाइनीतून कॉलेजात शिकवायला जाणारा मी पहिलाच. अप्पा ज्याला त्याला जय भीम करत फिरत होते. ताईने एक कव्हर फाटलेली कादंबरी माझ्या हातात दिली. रद्दीवाल्याकडून आणलेली.

ताई सहा वर्षांनी मोठी. मला शिकता यावं म्हणून तिने नववीतून शाळा सोडली आणि एका सिंधी शेठकडे पँटी शिवायला बसली.

"तीनदा वाचली," ती म्हणाली. "अर्धीच कळली. तू वाच, मग पत्रातून बोलू."

मी मधलंच पान उघडलं. पूर्णविराम नाहीत, परिच्छेद नाहीत, कोण बोलतंय त्याचा पत्ता नाही. मित्र उभे होते. मी ते पान हेल काढून वाचलं आणि म्हणालो, "नववी नापास बाईला अर्धी कळली म्हणे! लेखकाला किती कळलीय विचारा." सगळे हसले. ताईही हसली. ती नापास झालेली नव्हती, वर्गात पहिली आली होती. मला ते माहीत होतं.

हैदराबादला मी ती कादंबरी दोनदा चाळिसाव्या पानावर टाकून दिली. मग ताईचं पत्र आलं. 'नुसती डोळ्यांनी वाचू नको. मशीनवरच्या बायका बोलतात तशी मोठ्याने वाच. हात थांबत नाही म्हणून बोलणं थांबत नाही. श्वास संपेल तिथे वाक्य संपलं समज.'

मी खोलीला कडी लावून वाचायला लागलो. एक बाई काम करता करता शेजारणीला आपलं सगळं आयुष्य सांगत होती. मी कित्येक महिने मेसमध्ये हैदराबादी 'हौ' आणि 'नक्को' करत काढले होते. आता आईच्या तोंडची भाषा माझ्याच तोंडून ऐकू येत होती. ती कादंबरी मला तिथे कळली.

पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्यातलं सगळं घेऊन लेख लिहिला. एका मासिकात छापून आला, नाव झालं. ताईचा उल्लेख केला नाही. पँटी शिवणाऱ्या बहिणीने शिकवलं, असं कसं लिहिणार?

पुढे ताई लग्न होऊन बदलापूरला गेली. काही वर्षांनी तिच्याकडे गेलो, तर टीव्हीवर ते मासिक ठेवलेलं, लायब्ररीचा शिक्का असलेलं.

"ताई, मी सांगणारच होतो..."

"चांगलं लिहिलंयस. एकच चुकलं. कादंबरीची शेवटची पानं कोरी आहेत म्हणून ती बाई मेली, असं तू लिहिलंस. ती मेली नाही. बोलायची बंद झाली."

"का?"

"शेजारणीने तिचं बोलणं बाहेर जाऊन आपलं म्हणून सांगितलं. आहे त्यात. नीट वाच."

परत येऊन पाहिलं. एका ओळीत होतं. ती ओळ मी वर्गात कितीदा शिकवली होती.

त्यानंतर ताई पुस्तकांविषयी माझ्याशी बोलली नाही. चहा करते, जेवून जा म्हणते. बराकीतच राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेले, दोघेही मला विचारतात, घर आता कुठे? बदलापूरला आहे. तिथे एका बाईने मला पूर्ण वाचलंय, आणि पुन्हा उघडून बघायची तिला गरज वाटत नाही.