घाईचा रस्ता

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला हिवाळा उतरू लागला आणि दारामागच्या खुंटीवर भिजलेले कोट लोंबू लागले, की घरभर ओल्या लोकरीचा उग्र, उबट वास पसरतो आणि मी क्षणात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या डोंगरांतल्या त्या रस्त्यावर जाऊन पोचते, जिथे काचेबाहेर पाऊस, पावसात काळे पडलेले दगडी बांध आणि बांधांआड अंग चोरून उभ्या मेंढ्या, याखेरीज काहीच दिसत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सुट्टीत आम्ही अमेरिकेहून श्रीधरच्या, माझ्या नवऱ्याच्या, तिथे राहणाऱ्या थोरल्या भावाकडे आलो होतो. सकाळी पुण्याहून फोन आला, तो भावजींनी घेतला. "तुझे बाबा सीरियस आहेत, लगेच निघा," एवढंच ते म्हणाले. आमच्याकडे परमुलखातल्या लेकीला मरणाची बातमी कुणी सरळ सांगत नाही. माणूस गेला तरी प्रवासापुरता तो सीरियसच असतो. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी एकही प्रश्न विचारला नाही. निघताना जाऊबाई सवयीनं कुंकवाचा करंडा घेऊन दारापर्यंत आल्या, थबकल्या आणि आत वळल्या. सुतकात कुंकू लावत नाहीत. मी बुटांच्या नाड्या बांधण्यात गुंतल्याचं सोंग केलं.

भावजींची गाडी घेऊन आम्ही लंडनच्या विमानतळाकडे निघालो. टेकडीमागून टेकडी येत होती, ढग चढणीवर उतरून आले होते आणि त्या धूसर उजेडात हिरव्याच्या किती छटा होत्या! बाबांना जलरंगांचा भारी नाद. ते असते तर छत्रीची पर्वा न करता खाली उतरले असते. 'असते तर' हे मनात आलं मात्र, मी दचकले. अमेरिकेत वेगापायी पोलिसांची बोलणी खाणारा श्रीधर इथे प्रत्येक वळण जपून, सावकाश घेत होता. डाव्या बाजूनं गाडी चालवायची सवय मोडली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मला रडायचं होतं. पण मी रडले असते, तर बाबा खरोखरच गेले असते.

वळणावर एक चहाचं दुकान दिसलं.

"चहा घेऊ या?" मी विचारलं.

"घेऊ की. काही घाई नाही," तो बोलून गेला आणि त्याचा चेहराच उतरला.

त्याला माझ्याकडे पाहवेना. सकाळपासून हा माणूस ते ओझं एकटा वाहत होता, आणि माझ्या दुःखातही मला त्याची माया दाटून आली.

"घाई कशी नाही? बाबा वाट बघत असतील. जरा फास्ट चालव ना," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि वेग वाढवला. चहाचं दुकान मागे पडलं. आणि ज्याचं वाट पाहणं संपलं होतं, त्या माणसाकडे आम्ही दोघं भर पावसात जिवाच्या आकांतानं धावत सुटलो.