घुंगरू उतरवलेला चरक

प्रत्येक कलावंताच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला आपल्या मातीचा नाद ऐकू येतो. माझ्या आयुष्यात तो आला तेव्हा एसटीचं टायर पंक्चर झालं होतं आणि मला तहान लागली होती.

कोपरगावहून नगरला परतत होते. कंडक्टर जॅक शोधत होता, आणि समोर लिंबाच्या झाडाखाली एक रसवंती चालू होती. उसाच्या चरकाला घुंगरू बांधायची आपल्याकडे पद्धत आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला न बघताही कळतं की इथे रस मिळतो. पण हे घुंगरू फार जुने होते. काहींच्या पोटातले खडे पडून गेले असावेत. त्यामुळे ताल सरळ चालायचाच नाही. जरा पुढे जायचा, अडखळायचा, एक ठोका गिळून टाकायचा आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा निघायचा. मी रस घेतला आणि प्यायला विसरले. असा ताल मला कॉम्प्युटरवर कधी जमला नव्हता, आणि मला बरंच जमतं.

मी इलेक्ट्रॉनिक संगीत करते. नगरमध्ये हे सांगितलं की लोक बंद पडलेला ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणून देतात. सुरुवात मी सावेडीतल्या एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंना संगीत घालण्यापासून केली. पाठवणीला सनई, असा तिथला नियम होता. एका व्हिडिओत मी सनई काढली आणि फक्त गाडीचं दार लागल्याचा आवाज ठेवला. मुलीच्या वडिलांनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला, डोळे पुसले आणि आवाज गेल्याची तक्रार केली. मालकाने सनई परत घातली, पण आपला धंदा कोणता ते मला त्या दिवशी कळलं. पुढे नागापूरच्या एमआयडीसीतल्या पॉवर प्रेसच्या ठोक्यांवर पहिला अल्बम केला. पुण्यातल्या जाणकारांनी त्यात ‘यंत्रयुगाचा एकाकीपणा’ ऐकला. प्रेसवरच्या कामगारांना ऐकवला तर ते म्हणाले, “ताई, दिवसभर हेच ऐकतो, जेवणाच्या सुट्टीत तरी सोडा.” दोन्ही अभिप्राय मला योग्य वाटले.

त्या अल्बममुळे पुण्याच्या एका महोत्सवाने उद्घाटनासाठी नवी रचना मागितली. मी त्यांना लेखी कळवलं, की रचनेच्या मध्यभागी रसवंतीचे घुंगरू असतील. ते खूष झाले. ‘लोप पावणारा ध्वनिवारसा’ असे शब्द त्यांनी लगेच पत्रिकेत छापले. आता घुंगरू मिळाले नाहीत, तर माझ्याकडे मध्यभाग नसलेली रचना उरणार होती, आणि उद्घाटनाला दुसऱ्या कुणाचा तरी तबला.

रसवंतीवाल्या काकांना मी फोन केला होता. “काका, तुमचं मशीन रेकॉर्ड करायचंय.” ते म्हणाले, “या की. काय कमी पडू देनार न्हाई.” इतर कामं आवरता आवरता जायला शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी रचना पाठवायची होती.

मी पोचले तेव्हा रसवंतीपुढे सडा घातलेला होता. काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे होते. चरकाला निळा ऑइलपेंट आणि सगळीकडे ग्रीस. मी माईक लावला, हेडफोन चढवले. काकांनी मोटर चालू केली.

चरक फिरला. काहीही वाजलं नाही.

“काका, घुंगरू?”

“काढले की!” काका अभिमानाने म्हणाले. “मागं उसाच्या भावाचं इचारायला च्यानलवाले आल्ते. त्यांनी आधी त्येच काढाय लावले. म्हनले, खुळखुळ बंद करा, रेकॉर्डिंग खराब हुतं. म्हनलं, तुमाला सांगाय लागू नये.”

“मला तेच हवे होते.”

काकांनी मोटर बंद केली. “खुळखुळ?”

“हो.”

“मग मशीन म्हनला कशापायी?”

काकांनी गल्ल्याखालून एक पुडा काढला. माझं काम झाल्यावर बांधायला त्यांनी शिर्डीहून नवे घुंगरू आणून ठेवले होते. आम्ही ते बांधले आणि मोटर पुन्हा चालू केली. ते सगळे एकदम, एका सुरात, शाळेत पाढे म्हणावेत तसे वाजले. तेवढ्यात एक जीप थांबली आणि रस मागू लागली, म्हणजे घुंगरांचं मूळ काम ते चोख करत होते. माझं करत नव्हते.

“जुने कुठे आहेत?”

“त्ये हिनं रेडकाला बांधले,” काका बायकोकडे बोट दाखवत म्हणाले.

रसवंतीच्या मागे गोठा होता. म्हशीचं काळं रेडकू, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले माझे घुंगरू. मी हात पुढे केला, तशा काकू आडव्या आल्या.

“आज सोडायचं न्हाई. दृष्टीचं बांधलंय, आन् आज आमुशा हाय.”

“काकू, थोडा वेळ. लगेच परत बांधू.”

“आमुशाला दृष्टीचं सोडत्यात व्हय? उद्या या. उद्या सोडून देते, धुऊनसुदिक देते.”

“अगं, ताई पुन्याला वाजवनार हायेत,” काकांनी रदबदली केली.

“पुन्याला आमुशा नसती का?”

काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “ही ऐकायची न्हाई. तिच्या भावाचं लग्न तिनं आमुशापायी पुढं ढकललं. त्यो अजून तसाच हाय.”

“मी ऐकतेय,” काकू म्हणाल्या.

उद्या मला चालणार नव्हतं. मी माईक उचलला, गोठ्यात शेणाच्या कडेला उकिडवी बसले आणि रेडकापुढे माईक धरला. रेडकाने आधी तो चाटला. मग त्याचा कंटाळा येऊन ते वैरणीकडे वळलं, आणि हेडफोनमध्ये तो ताल सुरू झाला. पुढे जाणं, अडखळणं, ठोका गिळणं. चरकावर होता त्याहून चांगला, कारण चरकाला मूड नसतो. मध्येच रेडकू खांबाला मान घासायचं, थबकायचं, मग अचानक अंग थरथरवून सगळे घुंगरू एका झटक्यात उधळायचं. मी श्वास धरून बसले. मला हवी होती त्यापेक्षा मोठी रचना समोर उभी राहत होती, आणि ती आपल्याला पेलेल याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

काकू दारात उभ्या होत्या. “ह्याला गानं म्हनत्यात?”

“मी म्हणते.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “म्हना.”

सकाळी रचना वेळेत गेली. पत्रिका छापून झाली होती, म्हणून मी आयोजकांना कळवलं की घुंगरू तेच आहेत, फक्त जागा बदलली आहे. त्यांनी ‘वा’ असं उत्तर पाठवलं.

पुण्यात रचना चांगली झाली. चांगली झाली की मला कळतं. लोक खोकायचे थांबतात. नंतर चर्चा होती. पहिल्या रांगेतले खादीचा झब्बा घातलेले एक गृहस्थ उठले आणि माईक दोन्ही हातांत धरून म्हणाले, की मध्यानंतर जिथे लय एकदम फुटते, भडकते, सगळी बंधनं झुगारून देते, तिथे त्यांना शोषिताचा शतकांचा हुंकार ऐकू आला. ती जागा आपल्याला कशी सुचली?

मी खरं ते सांगितलं. तिथे रेडकाला गोमाशी चावली होती.