मागची सीट
पेट्रोल सांडल्याचा वास आला की मला ऐंशी सालच्या आसपासची एक सकाळ आठवते. घरात पाळणा हलणार होता, म्हणून जिवापाड जपलेली माझी मोटरसायकल मी विकायला काढली होती. बायको तिला कायम ‘माझी सवत’ म्हणायची. तेव्हा ती तरी खूश होईल, असं वाटलं होतं. वालीवच्या कारखान्यातला एक तरुण गाडी बघायला आला. रोज एका किकमध्ये सुरू होणारी गाडी, पण त्या दिवशी हूं नाही की चूं नाही. किक मारून मारून तो घामाघूम झाला आणि अंगणातल्या मोगऱ्याच्या वाफ्यांपर्यंत पेट्रोलचा वास सुटला. “दादा, हिचं काय खरं नाय,” म्हणत तो चहा पिऊन निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकून पाहिलं, तर स्पार्क प्लगची टोपी काढून नुसती वर टेकवलेली! त्याची कपबशी उचलली, तर बशीच्या कडेला एका नाजूक बोटाचा काळा, तेलकट ठसा. बायको दारातच उभी होती. म्हणाली, “तिला विकून मला राजोडीच्या समुद्रावर काय खांद्यावर बसवून नेणार होतात?” तोवर मला वाटायचं, त्या गाडीवर जीव असलेला मी एकटाच. आजही गाडी पुसायला घेतली की मी आधी मागची सीट पुसतो.