निकेलच्या नटामागे अख्खा दिवस

ही फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला तुमसरातून कळेल. अन् तिकडचे लोक तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाहीत!

तिथल्या एका राइस मिलमध्ये मी नवानवा हेडफिटर झालो होतो. मिल उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. धान भिजवायचं, वाफवायचं, म्हणजे दिवसभर वाफ अन् ओल. लोखंडी नटबोल्ट दोन महिन्यांत गंजून जायचे. मी शेठला म्हटलं, "निकेलवालं स्टील लावू. गंजाचं नाव नको!"

खरेदीलाही मीच गेलो, खिशात लोहचुंबक घेऊन. चांगल्या निकेलच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, एवढं ज्ञान होतं मला. चिकटलं की माल परत! दुकानदार रडकुंडीला आला, पण मी एकेक नट तपासूनच घेतला. मिलमध्ये येऊन सगळ्यांना हे चार-चारदा सांगितलंही.

चौथ्याच दिवशी, वरून धान ओततात त्या हॉपरच्या झाकणाचा एक नट सैल होऊन धानात पडला. खाली धान सोलणारे रबरी रोलर. नट त्यात गेला असता तर रोलरच्या चिंध्याच! मिल बंद केली, हॉपर उपसून धान ताडपत्रीवर ओतलं. बाहेर ट्रक ताटकळलेला.

शेठ म्हणाला, "नट भेटल्याबिगर मिल चालू होनार नाही. अन् आज मिल नाही चालली, तं उद्या तू येऊ नोको."

नोकरीच पणाला! मी पण जिद्दीला पेटलो. दोरीला लोहचुंबक बांधलं अन् धानात फिरवायला लागलो.

हसू नका! तुम्ही बसून ऐकताय म्हणून हुशार. नोकरी जायची वेळ आली की कसलं ज्ञान अन् कसलं काय?

पहिल्या फेरीत खिळा निघाला. मग विळ्याचं टोक. मग साडीची पिन. दरवेळी मी ओरडायचो, "भेटला!" सगळे धावत यायचे अन् परत जायचे. मला वाटलं, चुंबकातच दम नाही. मंडपवाल्याकडे गेलो, फुटक्या भोंग्याचं थाळीएवढं चुंबक आणलं. त्यानं माझं घड्याळ ओढलं, पकड ओढली, पण नट काही येईना. घामाघूम झालो, पण सोडतो कशाला!

दुपार कलली. धान पाखडणाऱ्या शकुनमावशी चहा पीत बघत होत्या.

"भाऊ, काय धुंडून राहिले?"

"नट, मावशी."

"कोनता? तोच ना, ज्याले चुंबक चिपकत नाही म्हनून तुमी सांगत होते?"

दोरी हातातच राहिली. खरं सांगतो, इतकी लाज लग्नातही वाटली नव्हती.

"मंग आता?" मी विचारलं.

"चारनी आना. तिले निकेल-बिकेल समजत नाही. धान खाली पडते, नट वर रायते."

चार बायांनी चाळण्या धरल्या अन् अर्ध्या तासात नट निघाला! मिल सुरू झाली, ट्रक भरायला लागला.

आता गप्प बसावं की नाही मी? पण नाही! नट पुसून शेठपुढे धरला. "शेठ, एक मात्र मानाच लागन. दिवसभर दोन-दोन चुंबकं फिरवली, तरी चिपकला नाही. माल अस्सल हाये!"

शेठनं नट पाहिला, मग मला पाहिलं.

"माल तं अस्सलच हाये, बाबू. घेतानी फिटर तपासाचा रायला."